मागचं झाकण उघडत नाही, तो फोन आपला नाही

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर उभा राहून मी खिशातून फोन काढला की कोणीतरी विचारतंच, “काय रे, अजून हेच डबडं?” विचारणाऱ्याच्या हातात सहा महिन्यांपूर्वीचा फोन असतो आणि त्याचे बरेच हप्ते अजून बाकी असतात. माझ्या फोनचा हप्ता कधी नव्हताच. २०१६ साली रोख पैसे मोजून घेतला होता. तरी त्या स्टँडवर लाज मला वाटावी अशी अपेक्षा असते, त्याला नाही.

हा लेख त्या लाजेच्या विरोधात आहे.

जुना फोन वापरणारे लोक दोन प्रकारचे असतात असं समजलं जातं. एक कंजूष आणि दुसरे जुन्या आठवणी कुरवाळत बसणारे. मी दोन्ही नाही. माझ्या ओळखीत असे आणखी सात-आठ जण आहेत. एक महाड एमआयडीसीत शिफ्ट करतो आणि रात्री जुन्या फोनवर नवीन अँड्रॉइड चढवतो. एक जण कानात वायरवाला हेडफोन घालून कशेडी घाट चढतो. एकीने ठरवून जुना मॉडेल सेकंडहँड शोधून घेतला, कारण नवा तिच्या मुठीत मावत नव्हता. हे सगळे नवीन फोन घेऊ शकतात आणि तरीही घेत नाहीत. ‘जुनं ते सोनं’ म्हणणारी ही माणसं नाहीत. महाडमध्ये राहून तसं म्हणताही येत नाही.

का, ते आधी सांगतो.

एक जुना पूल, एक नवी इमारत

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल कोसळला. इंग्रजांच्या काळातला, १९२८ सालचा दगडी पूल. मुंबईच्या दिशेने चाललेल्या दोन एसटी बस अंधारात नदीत गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य असल्याचं सांगितलं गेलं होतं. दुर्घटनेपर्यंत ‘इंग्रजांचं काम म्हणजे काम’ असं आपल्याकडे प्रत्येक म्हातारा माणूस म्हणायचा. त्यानंतर हे वाक्य मी फारसं ऐकलेलं नाही.

मग २४ ऑगस्ट २०२० ला, महाड शहरातच, तारिक गार्डन ही पाच मजली इमारत संध्याकाळी पत्त्यांसारखी खाली बसली. सोळा माणसं गेली. ती इमारत काही इंग्रजांच्या काळातली नव्हती. बांधून दशकभर झालं असेल-नसेल. लिफ्ट, टाइल्स, बाल्कनी, सगळं ‘नवीन’.

म्हणजे आमच्याकडे जुनंही पडलं आणि नवंही पडलं. ज्याने हे दोन्ही पाहिलं, त्याच्यासमोर कुणी जुनं चांगलं की नवं चांगलं असा वाद घालू नये. वस्तूचं वय हा प्रश्नच नाही. ती आत कशी आहे हे कुणाला बघता येतं? बिघडली तर कुणाला दुरुस्त करता येते? आणि ते करायची जबाबदारी कुणाची? प्रश्न हे आहेत.

फोनच्या बाबतीत याच तीन प्रश्नांची उत्तरं गेल्या दहा वर्षांत उलटी झाली. आधी फोन उघडून तुम्ही आत बघू शकत होता. आता कंपनी बघते. आधी दुरुस्ती बाजारपेठेतला दुकानदार करत होता, आता ‘अधिकृत’ केंद्र करतं आणि ते महाड-पोलादपूरवाल्याला मुंबई-पुण्याच्या दिशेने शोधावं लागतं. जबाबदारी मात्र होती तिथेच राहिली. फोन बिघडला की बोलणी तुम्हालाच, “नीट वापरता येत नाही का?”

शौकीन माणूस जुना फोन धरून बसतो तो याच कारणासाठी. त्याला जुनेपणा नको असतो, किल्ली हवी असते.

चार दिवस

२१ जुलै २०२१. मी महाडला मामाकडे होतो. घर बाजारपेठेच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर. सावित्री आणि गांधारी दोन्ही भरल्या की महाडमध्ये पाणी येतं. ते दरवर्षीचंच, त्यामुळे संध्याकाळी कुणी फारसं घाबरलं नव्हतं. रात्री खालच्या दुकानांची शटर्स वाजायला लागली आणि सकाळी जिन्याच्या पायऱ्या मोजायची वेळ आली. किती पायऱ्या दिसतात, यावर पाणी वाढतंय की उतरतंय ते कळत होतं. लाईट आदल्या रात्रीच गेली होती. रेंजही गेली.

माझ्याकडे तेव्हा हाच फोन होता आणि दोन जास्तीच्या बॅटऱ्या, भरलेल्या. ही काही माझी हुशारी नव्हती. आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, खांब आडवे झाले आणि कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. तेव्हापासून आई पावसाळ्यात घरातल्या बॅटऱ्या भरून ठेवते, जसे डबे भरून ठेवतात तसे. बॅटरी काढून चिमट्यात धरायची आणि लाल-हिरवे दिवे लुकलुकतात, तो स्वस्तातला चार्जर आठवतोय? तो अजून आमच्या टीव्हीशेजारी आहे.

मामेभावाचा फोन नवा होता. कॅमेरा माझ्यापेक्षा दहापट भारी. दुपारपर्यंत त्याने पुराचे व्हिडिओ काढले आणि चारच्या सुमाराला तो फोन काचेची पाटी झाला. त्याच्याकडे पॉवर बँक होती, तीही रिकामी. पॉवर बँक चांगलीच वस्तू आहे, पण तिच्यातून फोन भरायला दोन तास लागतात. बॅटरी बदलायला नखाने झाकण उचलायचं, पंधरा सेकंद.

त्या चार दिवसांत माझ्या फोनने काय केलं? सगळ्यात जास्त वेळ टॉर्चचं काम. त्यानंतर रेडिओ. कानात वायर घातली, कारण एफएमला तीच वायर अँटेना लागते, आणि खिडकीत उभं राहिलं की खरखरीतून मधूनमधून माणसाचा आवाज यायचा. पाणी उतरलं, चिखल उरला, रेंज तुकड्यातुकड्याने यायला लागली, तेव्हा शेजारच्या चार घरांतली सिमकार्डं आळीपाळीने माझ्या फोनच्या दुसऱ्या खाचेत गेली. प्रत्येकाने आपापल्या नंबरवरून आपापल्या माणसांना एकच वाक्य सांगितलं, “आम्ही ठीक आहोत.” एका काकूंना मुलाचा नंबर पाठ नव्हता. तो त्यांच्या सिमकार्डात साठवलेला निघाला.

आज सिमची खाचच नसलेले फोन येऊ लागलेत. अमेरिकेत आयफोन २०२२ पासून तसेच विकले जातात आणि २०२५ चा आयफोन एअर भारतातही फक्त ई-सिमवर येतो. ई-सिम सोयीचं आहे, चोरीच्या दृष्टीने चांगलंही असेल. पण फोन मेल्यावर आपला नंबर काढून शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालण्याची सोय त्यात नाही. ही सोय किती मोठी आहे, हे ज्याच्या जिन्यात पाणी चढलेलं नाही त्याला समजवायला जड जातं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २२ जुलैला महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी पडल्या. रस्ते पाण्याखाली, फोन बंद, मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. तिथे कुठलाही फोन, जुना वा नवा, कुणाला वाचवू शकला नसता. त्या दुःखाच्या खांद्यावर माझ्या फोनचं कौतुक ठेवायचं मला नाही. माझा मुद्दा त्याहून लहान आहे. आपत्तीत तंत्रज्ञान पहिल्या तासात वरून खाली कोसळतं. टॉवर जातो, इंटरनेट जातं, लाईट जाते. मग हातात उरतं ते यंत्र एकट्याने किती काम करू शकतं, एवढंच शिल्लक राहतं. आणि नेमक्या याच एकट्याने करायच्या गोष्टी नव्या फोनांमधून एकेक करून काढल्या गेल्या.

काढून घ्या, मग विका

यादी करू. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढलं आणि मंचावरून त्याला ‘धैर्य’ म्हटलं. गुगलने त्याच वर्षी पहिल्या पिक्सेलच्या जाहिरातीत त्यावरून टोमणा मारला आणि पुढच्याच वर्षी पिक्सेल २ मधून स्वतःही ते काढलं. सॅमसंगने चेष्टेच्या जाहिराती केल्या आणि २०१९ च्या नोट १० मधून तेच केलं. २०२० मध्ये आयफोनच्या खोक्यातून चार्जर गेला. सॅमसंग पुन्हा हसली, आणि २०२१ च्या जानेवारीत तिच्याही महागड्या फोनच्या खोक्यातून चार्जर गेला. आपल्याकडे वाड्यावर एक भाऊ वाटणी मागतो, दुसरा त्याला शिव्या घालतो आणि पुढच्या महिन्यात स्वतः कागद घेऊन येतो, तसं हे.

काढलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा वेगळी विकायला आली. भोक काढलं, मग वायरलेस इयरबड आले, ज्यांच्या आत स्वतःची इवलीशी बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. मेमरी कार्डाची खाच काढली, मग ढगातली जागा महिन्याच्या भाड्याने मिळू लागली. काढता येणारी बॅटरी गेली, मग दोन-तीन वर्षांनी अख्खा फोनच नवा घ्यायची सोय झाली.

त्यात एफएमचा किस्सा सगळ्यात बोलका आहे. कितीतरी फोनांच्या चिपमध्ये एफएमची सोय असते, पण ती बंद करून फोन विकले जातात. २०१७ मध्ये अमेरिकेत एकामागून एक चक्रीवादळं आली, तेव्हा तिथल्या दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांनी ॲपलला एफएम चालू करण्याची विनंती जाहीरपणे केली. कंपनीचं उत्तर होतं, आमच्या नव्या फोनांत ती चिप आणि अँटेनाच नाही. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाईल उद्योगाला सूचना केली की फोनमधला एफएम बंद करू नका, आपत्तीत तो उपयोगी पडतो. ती सूचना होती, सक्ती नव्हती. आज दुकानात जाऊन वीस हजारांच्या पुढचे फोन बघा आणि त्यातल्या कितींमध्ये एफएम आहे ते विचारा. दुकानदार तुमच्याकडे, मी काल काय खाल्लं असं विचारल्यासारखा बघेल.

“पण झाकण चिकटवलं नाही तर फोन वॉटरप्रूफ कसा होणार?” हे उत्तर कंपन्यांनी आपल्याला इतकं पाठ करून घेतलंय की आपणच ते एकमेकांना ऐकवतो. सॅमसंगचा गॅलेक्सी एस५ हा २०१४ सालचा फोन. त्याचं झाकण नखाने उघडायचं, बॅटरी हातात यायची, आणि तरीही तो पाण्यात बुडवला तरी चालेल असं प्रमाणपत्र त्याला होतं. झाकणाच्या कडेला रबराची एक बारीक पट्टी, एवढंच. पोलादपूरच्या पावसात ज्यांनी टिफिनचा डबा सायकलला लावून नेलाय, त्यांना रबराच्या पट्टीचं तंत्र समजावून सांगायला नको. आणि बंद बॅटरी सुरक्षित असते म्हणावं, तर २०१६ चा गॅलेक्सी नोट ७ आठवा. त्याची बॅटरी आत बंदच होती. पेट घेत होता म्हणून जगभरातून परत मागवावा लागला.

लिथियमची बॅटरी ही मेणबत्ती आहे. कुठल्याही कंपनीची घ्या, काही शे वेळा भरून-रिकामी झाली की तिची धारण करायची ताकद उतरते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी लवकर. हे कुणाचंही पाप नाही, रसायनशास्त्र आहे. पाप पुढे आहे. संपणारी वस्तू न संपणाऱ्या वस्तूच्या आत गोंदाने चिकटवायची, म्हणजे मेणबत्ती संपली की समईही फेकायची. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलला कबूल करावं लागलं की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनांचा वेग ते सॉफ्टवेअरने कमी करत होते, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण पटण्यासारखं होतं. पण ते वापरणाऱ्याला सांगितलं नव्हतं. लोक समजले फोन म्हातारा झाला, आणि नवा घेऊन मोकळे झाले. थकली होती फक्त बॅटरी.

चाकरमान्यांचा फोन

शहरातल्या वाचकाला वाटेल, हा सगळा काही हजार रुपयांचा मामला आहे. आमच्याकडे तो मामला वेगळा का आहे ते सांगतो.

आमच्या दोन्ही तालुक्यांत असं घर सापडणं कठीण ज्यातलं कुणी मुंबईला नाही. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा मिठाईच्या खोक्याबरोबर बॅगेत जुना फोन असतो. मोठ्या भावाने नवा घेतला, जुना धाकट्याला. धाकट्याने दोन वर्षं वापरला, मग आईला. आईने वापरला, मग आजीला, फक्त फोन उचलायला आणि नातवाचा फोटो बघायला. एक फोन चार हात फिरायचा. ही आमची खरी मोबाईल क्रांती होती. ती जाहिरातींनी आणली नाही, एसटीच्या वरच्या फळीवरून आली.

ही साखळी एकाच गोष्टीवर उभी होती. प्रत्येक हातबदलाला दोन-चारशे रुपयांची नवी बॅटरी टाकायची आणि फोन पुन्हा तरुण. चिकटवलेल्या फोनांनी ही साखळी तोडली. मुंबईहून आता जो जुना फोन येतो तो पाच तासही टिकत नाही. बाजारपेठेतल्या माझ्या दुकानदार मित्राकडे नेला तर तो मान हलवतो. मागची काच हीट गनने तापवायची, पातळ पात्याने उचलायची, उचलताना तडकली तर तिचा खर्च वेगळा, आतली पट्टी तुटली तर डिस्प्लेचा वेगळा. काही फोनांत तर बाहेरचा भाग बसवला की स्क्रीनवर ‘अनोळखी भाग’ अशी पाटी येते, जणू दुकानदाराने चोरी केली. तो म्हणतो, “आधी दिवसाला दहा फोन उघडायचो. आता दहा जणांना सांगतो, नवीन घे. मलाही कमिशन त्यातच आहे. पण मी दुकान दुरुस्तीचं काढलं होतं.”

पूर आला तेव्हा त्याच माणसाने चिखलातले फोन उघडून, बॅटऱ्या काढून, ब्रशने पुसून उन्हात मांडले होते. ज्यांच्या बॅटऱ्या लगेच निघाल्या त्यातले बरेच परत सुरू झाले. ज्यांच्या निघाल्या नाहीत ते आतल्या आत गंजले.

आणि दुसरीकडे काय वाढलं? हप्ता. एमआयडीसीत कंत्राटावर लागलेला बावीस वर्षांचा मुलगा महिन्याच्या पगाराहून महाग फोन हप्त्यावर घेतो. हप्ता चुकला की लांबूनच फोन कुलूपबंद करणारं ॲप आत बसवून फोन विकायची पद्धतही या बाजारात आहे. म्हणजे पैसे तुमचे, हात तुमचा, आणि कुलूप भलत्याच्याच हाती. याला विकत घेणं म्हणायचं की भाड्याने राहणं? मी त्या मुलाला हसत नाही. स्टँडवर ‘हेच डबडं?’ ऐकायला लागू नये म्हणून माणूस काय काय करतो ते मला माहीत आहे. मीही २०१९ मध्ये एकदा दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो होतो.

उलट बाजू, आणि ती खरी आहे

आता जे आमचे शौकीन मित्र सांगत नाहीत ते सांगतो, कारण नाहीतर हा लेखही एक जाहिरातच होईल.

पहिलं, सुरक्षितता. माझ्या फोनला कंपनीचे अपडेट येणं कधीच बंद झालं. त्यावर मी बँकेचं काम करत नाही आणि तुम्हीही करू नका. यूपीआय घरातल्या दुसऱ्या, अपडेट येणाऱ्या फोनवर आहे. ज्याच्याकडे एकच फोन आहे आणि त्यावरच पगार येतो, त्याला ‘जुनाच वापर’ सांगणं बेजबाबदारपणा आहे.

दुसरं, नेटवर्क. ‘जुना’ म्हणजे किती जुना, याला मर्यादा आहे. जिओ २०१६ मध्ये आलं तेच फोर-जी घेऊन, आणि एअरटेलने २०२० मध्ये थ्री-जी बंद केलं. त्यामुळे २०१३-१४ चे कितीतरी देखणे फोन आज फक्त घड्याळ म्हणून चालतात.

तिसरं, भाषा. सुरुवातीच्या अँड्रॉइडवर मराठी मेसेज आला की चौकोन दिसायचे. ज्यांनी ते चौकोन वाचायचा प्रयत्न केलाय ते ‘पूर्वीचे फोन काय भारी’ असं सरसकट म्हणणार नाहीत. हा लेख तुम्ही देवनागरीत अंगठ्याने सरकवत वाचताय, ती नव्याचीच देणगी आहे.

चौथं मला सगळ्यात टोचतं. २० जुलै २०२३ ला सकाळी महाराष्ट्रात असंख्य फोन एकदम भोंग्यासारखे किंचाळले. सरकारच्या आपत्ती इशाऱ्याची चाचणी होती. टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनांवर एकाच वेळी इशारा पाठवायची ती यंत्रणा. आदल्याच रात्री आमच्याच रायगड जिल्ह्यात, खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. त्या सकाळी माझ्या आसपासचे फोन वाजले. माझा वाजला नाही. दरडीच्या तालुक्यात राहणाऱ्या माणसाचा फोन इशाऱ्याला बहिरा असणं ही अभिमानाची गोष्ट नाही. त्यानंतर पावसाळ्यात उशाशी मी घरातला नवा फोन ठेवतो.

आणि पाचवं, आमच्या जमातीचं ढोंग. एलजीचा व्ही२० घेऊन ‘आवाज बघ काय आहे’ करत फिरणारे, पाच बंद फोन कपाटात ठेवून पर्यावरणावर बोलणारे आमच्यात आहेत. डुप्लिकेट बॅटरी टाकून ती फुगल्यावरही आठवडाभर वापरणारेही आहेत. फुगलेली बॅटरी म्हणजे खिशातला फटाका. ती फुगली दिसली की त्याच दिवशी बाहेर, यावर वाद नाही.

पण या पाचातले आधीचे चार मुद्दे नीट बघा. त्यातलं काय फोनच्या वयामुळे आहे आणि काय कुणीतरी घेतलेल्या निर्णयामुळे? पोको एफ१ हा ऑगस्ट २०१८ मध्ये आलेला फोन. कंपनीने त्याला अँड्रॉइड १० पर्यंत नेलं आणि सोडलं. त्यापुढच्या कितीतरी आवृत्त्या त्याच फोनवर हौशी पोरांनी, फुकट, रात्री जागून बसवल्या. यंत्र चालत होतं, कंपनीची इच्छा संपली होती. आणि इच्छा झाली की काय होतं? गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या एस२४ ला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं. म्हणजे करता येत होतं. फक्त ते महागड्या फोनांना. दहा-पंधरा हजारांचा फोन, जो आमच्याकडे खरोखर विकला जातो, त्याच्या नशिबी बहुतेक वेळा दोन-तीन वर्षं. ज्याला फोन सगळ्यात जास्त वर्षं पुरवायचा असतो, त्यालाच सगळ्यात कमी आयुष्याचा फोन मिळतो. सुरक्षिततेचं कारण सांगून आम्हाला जुन्या फोनवरून रागावणाऱ्यांनी आधी हा राग योग्य पत्त्यावर पोहोचवावा.

मग करायचं काय

सगळ्यांनी जुने फोन घ्या असं मी म्हणणार नाही. जुने फोन संपत जाणार आहेत, चांगल्या बॅटऱ्या मिळणं कमी होतंय, आणि माझाही कधीतरी जाईल. मागणी जुन्या फोनची नसावी. जुन्या फोनांत जे आपलं होतं ते नव्यांत परत मागायचं.

हे स्वप्न नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला की १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. त्यात पळवाटा आहेत, खूप टिकाऊ बॅटरी असलेल्या फोनांना सूट आहे, पण दिशा ठरली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं. मे २०२५ मध्ये एका समितीने फोनवर ‘दुरुस्तीचे गुण’ छापावेत असा अहवाल दिला, फ्रिजवर विजेचे तारे असतात तसे. पोर्टल आणि अहवाल यांनी झाकण उघडत नाही. कायदा झाला तर उघडेल. त्यासाठी आवाज लागतो, आणि फोन सगळ्यात जास्त विकत घेणारे तुम्हीच आहात, अठरा ते तिशीतले.

तोपर्यंत दुकानात गेल्यावर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे शेवटी विचारा. आधी विचारा, बॅटरी बदलायला किती खर्च आणि ती इथे, या तालुक्यात, बदलून मिळेल का? अपडेट कोणत्या सालापर्यंत? कार्डाची आणि हेडफोनची खाच आहे का? रेडिओ लागतो का? दुकानदार पहिल्यांदा हसेल. दहाव्या गिऱ्हाईकाने तेच विचारलं की तो वितरकाला विचारेल. बाजार एवढ्यावर बदलत नाही हे मला माहीत आहे. पण ज्या बाजारात हे प्रश्न कुणी विचारतच नाही तो नक्कीच बदलत नाही.

आणि सध्याचा फोन चालत असेल तर चालू द्या. बॅटरी थकली असेल तर बॅटरी बदला. हे एवढं साधं वाक्य आज बंडखोरीचं वाटतं, यातच काय ते आलं.

मागच्या आठवड्यात स्टँडवर पुन्हा तोच प्रश्न आला, “अजून हेच डबडं?” विचारणारा शेजारच्या वाडीतला, नवा फोन, पाठीमागे चार कॅमेरे. मी काही बोललो नाही. झाकण उघडलं, बॅटरी काढून त्याच्या हातात दिली, त्याने ती उलटसुलट करून बघितली. मग स्वतःचा फोन उलटा केला, कडेकडेने नख फिरवलं. फट कुठेच नव्हती.

“ह्याची कुठून निघते?” त्याने विचारलं.

महाबळेश्वरची गाडी लागली होती. मी बॅटरी परत बसवली आणि चढलो.